ऑपरेशन कोण करणार?

रात्रीचे दोन वाजलेत. इमर्जन्सीचा दिवस आहे. सर्जरीच्या मेल वॉर्डाच्या दारात फर्स्ट इयरचा रेसिडेंट, म्हणजे सर्जरी शिकणारा डॉक्टर, केसपेपर घेऊन उभा आहे. समोर डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, चपला हातात धरलेल्या. तिच्या नवऱ्याचं आतडं फुटलंय, तासाभरात थिएटरमध्ये घ्यायचंय. "मावशी, इथं सही करा. अंगठा चालेल." कागद इंग्रजीत आहे. बाई अंगठा शाईला टेकवते, कागदावर उठवते आणि पदराला पुसत विचारते, "डॉक्टर, ऑपरेशन कोण करणार?"

"सर करणार," मुलगा सांगतो आणि पळत सुटतो, कारण ब्लड बँकेतून अजून बाटली आलेली नाही.

सर घरी झोपलेत. ऑपरेशन थर्ड इयरचा रेसिडेंट करणार आहे, लेक्चरर मोकळे असले तर समोर उभे राहतील. हे त्या मुलाला माहीत आहे, सिस्टरना माहीत आहे, ट्रॉली ढकलणाऱ्या मामांनाही माहीत आहे. जिचा अंगठा घेतला तिला तेवढं माहीत नाही.

मी सरकारी मेडिकल कॉलेजात पंचवीस वर्षं सर्जरी शिकवली. हे वाक्य रेसिडेंट असताना मी स्वतः किती वेळा बोललो याची मोजदाद नाही. पुढे मी 'सर' झालो आणि माझ्या नावावर तेच वाक्य रात्री-अपरात्री बोललं जाऊ लागलं. मला ते ठाऊक होतं आणि कितीतरी वर्षं मी कुणाला हटकलं नाही. शिकाऊ सर्जनना नीतिशास्त्र कसं शिकवावं यावर अलीकडे बरंच बोललं जातं, परिषदा भरतात. माझं म्हणणं साधं आहे. त्या बाईच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायला जोवर आपण शिकवत नाही, तोवर बाकीचा सगळा अभ्यासक्रम वहीत राहणार.

अभ्यासक्रम आहे, हे मान्य. एमबीबीएसला २०१९ पासून 'एटकॉम' आलं. वृत्ती, नीती आणि संवाद हे तीन विषय त्यात येतात. मी ते वर्ग घेतले आहेत आणि मला ते आवडायचे. अठरा-एकोणीस वर्षांची मुलं फार मनापासून बोलतात. एका मुलीने विचारलं होतं, "सर, पेशंटसमोर आपल्याला रडू आलं तर चालतं का?" त्या प्रश्नावर आमचा सगळा तास गेला. पदव्युत्तर शिक्षणातही आता नीतिशास्त्राचा छोटा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, प्रमाणपत्र मिळतं, ते फाइलला लागतं.

पण तीच मुलगी पुढे सर्जरीला लागते, आणि पहिल्या सहा महिन्यांत युनिट, म्हणजे एका सरांच्या हाताखालची डॉक्टरांची तुकडी, तिला जे शिकवतं ते कुठल्याही तासापेक्षा खोल जातं. राउंडला सर म्हणतात, "आठ नंबरचा हर्निया उद्या घ्या." आठ नंबरला माणूस आहे, तो ऐकतोय. पडदा न ओढता चादर बाजूला होते आणि सहा जण वाकून बघतात. पेशंटने दुसऱ्यांदा प्रश्न विचारला की लेक्चरर घड्याळ बघतात. या कशाचंही कुणी व्याख्यान देत नाही, तरी ती शिकते. कारण सर्जरी ही बघून शिकायची विद्या आहे. गाठ कशी मारायची हे जसं सरांच्या बोटांकडे बघून कळतं, तसंच माणसाशी कसं वागायचं हेही त्यांच्याकडे बघूनच कळतं. त्यामुळे नीतिशास्त्राचा तास कमी पडतो म्हणून आणखी दोन तास वाढवा, या उपायावर माझा विश्वास नाही.

सुश्रुतसंहितेत योग्यासूत्रीय नावाचा अध्याय आहे. 'योग्या' म्हणजे सराव. शिष्याने छेद घ्यायला कुठे शिकावं? कोहळा, दुधी, कलिंगड, काकडी यांच्यावर. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला पातळ कापड आणि मऊ कातडं. पट्टी बांधायला चक्क माणसाच्या आकाराचा पुतळा. शास्त्र कितीही वाचलं तरी हात बसल्याशिवाय कामाला लागू नये, असं तिथे बजावलं आहे. आज आपण हेच सिम्युलेटरवर करतो आणि ते योग्यच आहे. पण 'तुमच्या आतड्यात कॅन्सर निघालाय आणि पोटावर शौचाची कायमची पिशवी लावावी लागेल' हे सांगण्याचा सराव आपण कशावर करून घेतो? थेट जिवंत माणसावर, तेही एकट्याने, रात्री, कुणीही न बघता. पहिला टाका घालताना शेजारी सीनियर उभा असतो. पहिली वाईट बातमी देताना तो थिएटरमध्ये असतो.

त्याच संहितेत मुतखड्याच्या शस्त्रक्रियेआधी एक श्लोक येतो, तो मी दर वर्षी नव्या रेसिडेंटना ऐकवायचो: 'अक्रियायां ध्रुवो मृत्युः क्रियायां संशयो भवेत् । तस्मादापृच्छ्य कर्तव्यमीश्वरं साधुकारिणा ॥' काही केलं नाही तर मरण ठरलेलं, केलं तर यशाची खात्री नाही, म्हणून विचारून करावं. वैद्याने आपली अनिश्चितता आधी उघड बोलून दाखवावी, ही अपेक्षा इतकी जुनी आहे. पण विचारायचं कुणाला? 'ईश्वरा'ला, म्हणजे राजाला, धन्याला, ज्याची सत्ता त्याला. ज्याच्या अंगावर शस्त्र चालणार त्याला विचारावं असं तिथे म्हटलेलं नाही.

ती सवय अजून गेलेली नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराचे २००२ चे नियम आहेत. त्यातल्या ७.१६ कलमात शस्त्रक्रियेआधी लेखी संमती कुणाची घ्यावी याची यादी आहे. पहिल्यांदा नवरा किंवा बायको, मग अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आई-वडील किंवा पालक, आणि शेवटी स्वतः रुग्ण. आता दारातल्या त्या बाईकडे पुन्हा बघा. तिचा नवरा आत कॉटवर पोट धरून पडला होता, पण पूर्ण शुद्धीवर होता. त्याचं नाव, गाव, किती वाजल्यापासून दुखतंय हे त्याने स्वतः सांगितलं होतं. पोट फाडू का, हे मात्र त्याला कुणी विचारलं नाही. अंगठा बायकोचा घेतला. उलट बाई आजारी असती तर नवऱ्याचा घेतला असता, आणि तो सापडला नसता तर दिराचा.

यावर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात फार स्पष्ट बोलून ठेवलं आहे. चव्वेचाळीस वर्षांची अविवाहित बाई, दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेली. आत जे दिसलं त्यावरून डॉक्टरांना वाटलं की गर्भाशय आणि अंडाशय काढणंच बरं. सहायक बाहेर आली, बाकावर बसलेल्या आईची संमती घेतली, आणि ते काढलं गेलं. न्यायालय म्हणालं की ही संमती चालणार नाही. रुग्ण सज्ञान आहे, भुलीत आहे म्हणजे थोड्या वेळाने शुद्धीवर येणार आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, मग थांबायला हवं होतं. डॉक्टरांचा हेतू वाईट होता असं न्यायालयाने म्हटलं नाही, उलट सद्भावनेने केलं असंच म्हटलं. तरीही फी नाकारली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. मला हा निकाल शिकवायला फार मोलाचा वाटतो, कारण यात कुणी खलनायक नाही. आपल्यातलाच एखादा चांगला, घाईत असलेला, 'एवीतेवी पोट उघडलंच आहे' असं म्हणणारा सर्जन यात दिसतो. रेसिडेंट हा निकाल ऐकतात तेव्हा हमखास कुणीतरी विचारतो, "पण सर, पुन्हा भूल द्यायची? तिच्याच भल्याचं होतं ना?" चर्चा तिथून सुरू करावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे. ऑपरेशन कोण करणार?

आमच्या बाजूने जे सांगितलं जातं ते खोटं नाही. शिकाऊ हातांनी कधीतरी पहिलं ऑपरेशन करावंच लागणार, नाहीतर वीस वर्षांनी सर्जनच उरणार नाहीत. पण त्या पहिल्या ऑपरेशनची किंमत असते आणि ती मोजली गेली आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात पहिल्यांदा झाली ती मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, १९९० साली, डॉ. तेहमटन उडवाडिया यांच्या हातून. जगभर तेव्हा सगळेच सर्जन ती नव्याने शिकत होते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या सर्जननी आपल्या १,५१८ शस्त्रक्रियांचा हिशेब छापला. प्रत्येक गटाच्या पहिल्या तेरा रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण २.२ टक्के होतं, त्यानंतरच्या रुग्णांत ०.१ टक्का. पित्तनलिका कापली जाणं म्हणजे कावीळ, पुन्हा मोठं ऑपरेशन, कधी कधी जन्मभराचं दुखणं. हे आकडे प्रामाणिकपणे छापणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण त्या पहिल्या तेरांपैकी किती जणांना आपण पहिल्या तेरांत आहोत हे सांगितलं गेलं असेल, हा विचार मला सोडत नाही.

आपल्याकडे त्या 'पहिल्या तेरां'त कोण असतं हे सांगायला संशोधन लागत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो नाव विचारून सर्जन निवडतो. जनरल वॉर्डात येणाऱ्याला त्या दिवशी ज्या युनिटची ड्यूटी असेल ते युनिट मिळतं. शेतमजूर, रिक्षावाला, धुणीभांडी करणारी बाई यांच्या अंगावर आपण शिकतो, आणि हात बसला की आपल्यातले बरेच जण ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांच्याकडे निघून जातो. माझा हात ज्यांच्यामुळे बसला त्यांतल्या एकालाही मी कधी सांगितलं नव्हतं की तुमच्यामुळे मी शिकतोय. हे ऋण आहे. निदान ज्याच्याकडून घेतो त्याला ते सांगून घ्यावं, इतकं तरी आपण करू शकतो.

"खरं सांगितलं तर कुणी तयारच होणार नाही," असं सहकारी म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. शेवटच्या काही वर्षांत मी माझ्या युनिटपुरता नियम केला: जो सुरी धरणार त्याने स्वतः जाऊन सांगायचं, आपलं नाव, आपण कितव्या वर्षाला, आणि समोर कोण असणार. बहुतेक लोकांनी मान डोलावली. त्यांना धास्ती शिकाऊ हाताची कमी होती, आपण एकटे सोडले जाऊ याची जास्त होती. काहींनी नकार दिला. एका निवृत्त शिक्षकांनी शांतपणे सांगितलं, "पोरी, तू शिक, पण माझ्यावर नको." त्यांचं ऑपरेशन मी केलं, ती समोर उभी राहिली. यात तिचं नुकसान झालं असं मला वाटत नाही. नकार ऐकून घेता येणं हेही शिकण्यातच येतं.

चुकीबद्दलही बोललं पाहिजे. दर महिन्याला मॉर्टॅलिटी मीटिंग होते, दगावलेल्या पेशंटच्या केसेसवर. तिथे काय चुकलं हे कळावं असा हेतू. प्रत्यक्षात काय होतं? सेकंड इयरचा मुलगा उभा राहून केस वाचतो, पुढच्या रांगेतून प्रश्नांचा मारा होतो, शंभर लोकांसमोर त्याचं पाणी पाणी होतं. युनिटचे प्रमुख खाली बघत बसतात. पुढच्या वेळी तो मुलगा केस लिहितानाच सफाईने लिहितो. 'रक्तस्राव झाला' असं लिहितो, कुणाच्या हातून झाला ते लिहीत नाही. खोटं बोलायला आपण त्याला शिकवलं, तेही शिक्षणाच्या नावाखाली. आणि त्या पेशंटच्या घरच्यांना काय सांगितलं गेलं, हा प्रश्न त्या सभागृहात मी फार क्वचित ऐकला आहे.

थिएटरमधली चेकलिस्ट हेच दुसऱ्या बाजूने दाखवते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये एकोणीस मुद्द्यांची यादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, आणि जानेवारी २००९ मध्ये निष्कर्ष आले. मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर, गुंतागुंत ११ वरून ७ टक्क्यांवर. त्या एकोणीसांतला एक मुद्दा असा आहे की चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं. आमच्याकडे मी पाहिलेली पद्धत म्हणजे सिस्टर दिवसाची ऑपरेशनं सुरू व्हायच्या आधीच यादीवर सगळ्या खुणा करून ठेवतात. नावं सांगायला सगळेच लाजतात. पण तो मुद्दा तिथे उगाच नाही. ज्या फर्स्ट इयरने एकदा मोठ्याने आपलं नाव सांगितलंय, त्याच्या तोंडून वेळ आल्यावर "सर, एक्स-रे उलटा लावलाय, बाजू चुकतेय" हे निघण्याची शक्यता जास्त असते. ज्याचं नावच कुणाला माहीत नाही तो गप्प बसतो आणि जखम उघडी धरायचा रिट्रॅक्टर ओढत राहतो.

इथवर मी चांगल्या हेतूच्या लोकांबद्दल बोललो. आता बीडबद्दल. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या. कोयत्यावर जायचं, शौचालय नाही, पाणी नाही, एक दिवस खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, आणि पांढरं जातंय म्हणून दवाखान्यात गेलं की 'कॅन्सर होईल' हे ऐकायला मिळणार. यातल्या बहुतेक शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या नीट झाल्या असतील, टाके नीट पडले असतील, जखमा भरल्या असतील. ज्या डॉक्टरांनी त्या केल्या ते आपल्याच कॉलेजांतून, आपल्याच परीक्षा पास होऊन गेले. परीक्षेत आपण विचारतो, कसं काढाल, कुठली रक्तवाहिनी आधी बांधाल, मूत्रनलिका कशी वाचवाल. 'काढणारच नाही' हे उत्तर आल्यावर पूर्ण गुण दिल्याचं मी माझ्या परीक्षक म्हणून केलेल्या कामात हाताच्या बोटांवर मोजावं इतक्या वेळा पाहिलं.

बाहेर पडल्यावर या मुलांसमोर कट प्रॅक्टिस उभी असते. पेशंट पाठवणाऱ्याला वाटा, तपासणी सेंटरकडून वाटा. नियमांत ती निषिद्ध आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारने तिच्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली होती. पण डोक्यावर कर्ज असलेल्या, तालुक्याच्या गावी नवं हॉस्पिटल टाकलेल्या मुलाला पहिला फोन येतो तेव्हा कायदा त्याच्या शेजारी बसलेला नसतो. त्या फोनला काय उत्तर द्यायचं याची रंगीत तालीम त्याने निदान एकदा आपल्यासमोर केलेली असावी. आम्ही ते कधी करून घेतलं नाही. त्याबद्दल बोलणं वर्गात अशोभनीय मानलं जायचं.

रेसिडेंटकडे वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. छत्तीस तास न झोपलेल्या मुलाकडून प्रेमळ बोलण्याची अपेक्षा करणं हाच अन्याय आहे, आणि तो प्रश्न सोडवायची जबाबदारी शासनाची आणि विभागप्रमुखांची आहे, त्या मुलाची नाही. पण खरं सांगायला खोट्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. "सर करणार" हे दोन शब्द आहेत. "मी करणार, लेक्चरर सर समोर असतील" हे सहा.

मग करायचं काय? लॉगबुकमध्ये किती अपेंडिक्स केले याची नोंद असते, तशी किती संमती-संवाद सीनियरसमोर केले याचीही असावी, आणि त्याखाली सीनियरची सही असावी. संमतीचा कागद मराठीत असावा, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याच्याच हातात द्यावा. प्रॅक्टिकल परीक्षेत लाँग केसच्या, म्हणजे एक पेशंट सविस्तर तपासून मांडायच्या भागाच्या, शेवटी परीक्षकाने म्हणावं, "आता हे सगळं पेशंटला माझ्यासमोर समजावून सांगा," आणि त्याला खरे गुण असावेत, नापास करता येईल इतके. मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये केस युनिट प्रमुखाने मांडावी, रेसिडेंटने नाही. या शेवटच्या सूचनेला सर्वांत जास्त विरोध होतो हे मला माहीत आहे, कारण इतर सगळ्या सूचनांत विद्यार्थ्याला बदलायचं असतं.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षातली गोष्ट. सेकंड इयरची एक मुलगी हर्नियाच्या पेशंटजवळ स्टूल ओढून बसली होती. साठीचे शेतकरी, मुलगा शेजारी उभा. मी पलीकडच्या कॉटपाशी होतो. तिने नाव सांगितलं, म्हणाली, "बाबा, उद्या तुमचं ऑपरेशन मी करणार आहे. सर समोर असतील." बाबांनी तिच्या हातांकडे बघितलं.

"आजवर किती केलीत?"

"अकरा."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग मान वळवून त्यांनी मला शोधलं. "सायेब, तुम्ही सुरुवातीपासून शेवटपर्यंत असाल ना? का मधेच जाल?"

दुसऱ्या दिवशी साडेनऊला डीन ऑफिसात बैठक होती. मी फोन करून येता येणार नाही असं कळवलं.